बेडकीची काच

कोइम्बतूर
९ फेब्रुवारी २०२५

बाबा, जय भीम.

परवा फोनवर मी तुम्हाले काचेचं सांगून राह्यलो होतो आन तुम्ही "हाव, जेवलो, हाव" म्हणत होते. डेपोतल्या इंजिनांनी तुमचे कान खाल्ले, त्यात तुमचा काही दोष नाही. पण तुम्ही स्पीकर एवढा मोठा करता की माझं बोलणं तुम्ही सोडून साऱ्या सुलतानपूरले ऐकू जाते. मंजू सांगत होती, आपला फोन संपायच्या आत उकंडरावच्या आटाचक्कीवर चर्चा सुरू झाली की इंद्रभानच्या बेडकीले काच बसत नाही. म्हणून आजपासून कागद. वाचा आन चुलीत घाला.

रबर काल ट्रान्सपोर्टमध्ये टाकलं. अण्णानं, म्हणजे आमच्या मालकानं, चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा दिलं. इथं साऱ्या जुन्या विलायती गाड्याच येतात, तर त्याच्याकडे अशा रबराचा साठा राहते. वहाबचाचाच्या गाडीसारखीच एक एमजी इथं आता उभी आहे. तीही अशीच दोन दारांची, दोनच सीटांची, जमिनीले पोट टेकवून बसलेली. इथं तिले लोक हात लावायच्या आधी हात धुतात, आन आपल्या गावात तिचं नाव बेडकी.

आता नीट वाचा. जुनं रबर वाचवत बसू नका, त्याचा दगड झालेला आहे. आतून ब्लेडनं कापा आन काच बाहेर ढकला. फ्रेमच्या कडेचा गंज घासून रंग लावा, रंग पुरा सुकू द्या. मंग नवं रबर आधी काचेवर चढवायचं. काचेवर, बाबा. गाडीवर नाही. रबराच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी भरायची, तिची दोन्ही टोकं खाली मधोमध आत लोंबती सोडायची. साबणाचं पाणी लावायचं आन काच बाहेरून फ्रेमले टेकवायची. एकानं बाहेरून दाबायचं, दुसऱ्यानं आत बसून दोरी ओढायची. दोरी जशी निघते तसा रबराचा ओठ कडेच्या आत पडत जाते. पायजाम्यातून नाडा ओढून घेतल्यासारखं.

घाई करू नका, पण झोपूही नका. वहाबचाचा जायच्या आधी दवाखान्यातून तुम्हाले बोलले होते की चालती केलीस तर बेडकी तुझी. आसिमभाई बापाचा शब्द पाळतो म्हणते, पण चाचाच्या बरसीपर्यंतच. त्या दिवशी गाडी पुऱ्या काचेनिशी, स्वतःच्या चाकांवर त्यांच्या दारात उभी राह्यली तर आपली, नाहीतर पुण्याचा व्यापारी टेम्पोत घालून नेणार. तो तिले कुठंतरी हॉटेलात मांडून ठेवीन आन लोक तिच्यापुढं फोटो काढतील. मले ते चालणार नाही. तुम्हालेही नाही, हे मले माहीत आहे.

तुमचा
अश्वजित


सुलतानपूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजित, जय भीम.

रबर मिळाले. माल चांगला आहे. पत्रातली अक्कल मात्र परत घेऊन जा.

मी मेहकर डेपोत एसटीच्या काचा बसवल्या तेव्हा तू चड्डीत हागत होता. माझ्या काचेमागं बसून अर्धा जिल्हा जालन्याले गेला आन सुखरूप परत आला. बसले रबर आधी बॉडीवर चढते. मंग काचेची खालची कड खाचेत बसवायची, पट्टीनं ओठ उचलत उचलत वर जायचं आन तळहाताचा ठोका द्यायचा. ठोका कसा द्यायचा हे हाताले कळते, पत्रातून नाही. काच बसची असो की बेडकीची, रबर रबरच असते. दोरी, नाडा, साबण, हे काय लुगडी धुणं आहे?

तुझ्या पायाले भिंगरी लागलेली आहे. आठवीतून उठला तो सुरत, मंग पुणे, मंग होसूर, आता हे कोइम्बतूर. दरवेळी गाव बदलते आन तू नवीन शहाणपण घेऊन येते. एवढंच लिहून कळव की तू स्वतःच्या हातानं किती काचा बसवल्या. खोटं लिहू नको. तुझं अक्षर खोटं लिहिताना सुधारते, मले माहीत आहे.

इकडे उकंडराव रोज शेडात डोकावते. म्हणते, इंद्रभानभाऊ, काच नाही बसली तर राहू द्या, कोंबड्या ठेवायले गाडी चांगली आहे. त्याले म्हटलं, पहिली कोंबडी तुझ्या घरून घेईन.

वहाबच्या घरून अजीजुन्निसावहिनीनं मंजूकडे निरोप पाठवला होता की गाडी कुठंवर आली. मी कळवलं, काच सोडून सगळं झालं.

इंद्रभान


कोइम्बतूर
१ मार्च २०२५

बाबा, जय भीम.

विचारलं तर सांगतो. एकही नाही.

मी आत बसून दोरी ओढतो. दाबायचं काम अण्णा स्वतः करते, दुसऱ्या कोणाले करू देत नाही. पण दोरी ओढणाऱ्याचं तोंड काचेपासून वीतभर असते आन सगळं त्याच्याच डोळ्यापुढं होते. ओठ कुठं अडला, कुठं मुडपला, कुठं रबर दुमडून बसलं, हे दाबणाऱ्याले दिसतही नाही. मी पाह्यलेलं लिहितो. माझं अक्षर पाहा, नेहमीसारखंच गिचमिड आहे. म्हणजे खरं आहे.

आता तुम्ही सांगा. बसची काच केवढी असते? दाराएवढी. तिच्या रबरात बोट जाते. या रबरात नख जात नाही. बसची काच सपाट, बेडकीच्या काचेले बाक आहे. सपाट काच चुकली तर सरकते, बाकाची काच चुकली तर जाते. तुमच्या पट्टीनं कोपरा उचलला की तडा कोपऱ्यापासूनच निघीन. अशी काच आपल्याकडे मिळत नाही, जालन्यात नाही, नागपुरात नाही.

मी होसूर काऊन सोडलं, माहीत आहे का? तिथला सुपरवायजर म्हणायचा, असंच करायचं, कारण असंच करतात. मले तसं कोणी म्हटलं की माझे पाय आपोआप स्टँडकडे वळतात. तुम्हीही आता तसंच म्हणून राह्यले. फक्त तुम्हाले सोडून कुठं जाता येत नाही.

ठोका देऊ नका.

अश्वजित


सुलतानपूर
९ मार्च २०२५

दादा, जय भीम.

तुझं पत्र पोचायच्या आधीच ठोका दिला गेला.

फोनवर सांगत नाही, कारण बाबांले सोडून साऱ्यांले ऐकू येते. शुक्रवारी मी पोलीस भरतीच्या सरावावरून आले, गोळा हातात तसाच होता. बाबा शेडात गाडीच्या नाकावर ओणवे झालेले. रबर गाडीवर चढवलेलं, काच तीन बाजूंनी आत गेलेली. वरचा डावा कोपरा तेवढा राह्यला होता. त्यांनी पट्टी घातली, तळहात उचलला आन हलकाच ठोका दिला. खरंच हलका होता रे. टिचकी मारल्यासारखा आवाज आला. मले आला, त्यांले नाही. ते अजून दाबतच होते. मंग तडा त्यांच्या बोटांखालून चालत चालत मधोमध गेला, तेव्हा त्यांनी हात काढला.

मी दाराआडून मागं फिरले. पाह्यलं म्हणून सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी काच काढून घोंगडीत गुंडाळली, कोपऱ्यात उभी केली आन सगळ्यांले सांगितलं, काच ठीक आहे, रबर जरा उन्हात मुरू देतो, कोणी हात लावायचा नाही. मायले वाटते खरंच मुरून राह्यलं. तेव्हापासून ते जेवताना भाजीत मीठ नाही हेही सांगत नाहीत. उकंडरावनं काल कोंबडीची गोष्ट काढली आन बाबा नुसते उठून गेले.

काय करायचं ते लिही. तू लिहिशील ते करते. पण "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द लिहू नको.

मंजुश्री


कोइम्बतूर
१४ मार्च २०२५

मंजे,

नाही लिहिले ते तीन शब्द. दातांखाली धरून ठेवले आहेत.

ऐक. ती काच दोन थरांची आहे, आत पापुद्रा आहे, म्हणून तडकली तरी तुकडे सुटत नाहीत. आकार आन बाक जसाच्या तसा आहे. इथं एक काचवाला आहे, तो नमुना समोर ठेवून भट्टीत तशीच काच बनवते. घोंगडीसकट उचल, वरून एक गादी बांध आन जालन्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये टाक. पत्ता मागं लिहिला आहे. उभी बांध, आडवी नको. गोळा फेकून हात तयार झालेच आहेत, हमालाले हात लावू देऊ नको.

बाबांले तू सांग. मी सांगितलं तर ते काच परत मागवतील.

दादा


सुलतानपूर
२६ मार्च २०२५

चि. अश्वजित,

वाईट बातमी आहे. बेडकीची काच चोरीला गेली.

चांगली, धडधाकट काच होती. मी ती जपून घोंगडीत ठेवली होती. मंगळवारी मी लोणारले पेन्शनच्या कामाले गेलो, परत येतो तर कोपरा रिकामा. घोंगडीही नाही. घरात कोणाले काही माहीत नाही. मंजूले विचारलं तर ती म्हणे, "बाबा, तुम्हाले एक सांगायचं होतं." म्हटलं, आधी काच, मंग तुझं.

चोरानं पान्याचा डबा नेला नाही, नवी बॅटरी नेली नाही, शेजारी उभी असलेली सायकल नेली नाही. फक्त काच. आता मले सांग, एकट्या काचेचा कोणाले उपयोग? ज्याले ही गाडी बरसीले दारात उभी राहू द्यायची नाही, त्याले. पुण्याचा व्यापारी मागच्या आठवड्यात आसिमच्या दुकानात येऊन गेला, हे मले सिंदखेडराजाच्या कंडक्टरनं सांगितलं.

वहाब माझा दोस्त होता. अकोल्याच्या जिनिंगमधून ही गाडी आम्ही दोघांनी दोरानं ओढत आणली, तेव्हा आसिम जन्मलेलाही नव्हता. त्यानं मागितली असती तर मी काच हातात दिली असती, पण चोरून? उद्या सकाळच्या गाडीनं देऊळगावले आसिमकडे जातो आन भर दुकानात विचारतो.

तू मधे पडू नको.

इंद्रभान


कोइम्बतूर
२ एप्रिल २०२५

बाबा,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकलं, तरी उशीर झाला असीन हे मले कळते. आज दुपारीच तुमचं पत्र मिळालं. मंजूले फोन लावला तर ती रडून राह्यली होती, पुरं काही सांगत नाही.

काच माझ्यापाशी आहे. घोंगडीसकट. मीच मागवली, मंजूनं माझ्या सांगण्यावरून पाठवली. आसिमभाईचा तिच्याशी काही संबंध नाही.

आन धडधाकट होती म्हणता? मंग इथं माझ्यापुढं जी उभी आहे, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मधापर्यंत तडा गेलेली, ती कोणाची? तुमच्या घोंगडीत दुसऱ्याच कोणाची काच येऊन झोपली होती का? चोरीची फिर्याद देताना तरी माल खरा सांगायचा असते.

मी रागावलो नाही. खरं म्हणजे रागावलो आहे, पण काचेवर नाही. काच सगळ्यांच्याच हातानं फुटते. अण्णाच्या हातूनही फुटली आहे, तेव्हा त्यानं वर्कशॉपातल्या साऱ्यांचा चहा बंद केला होता. तुम्ही मले लिहिलं असतं की फुटली, तर मी तेव्हाच उत्तर दिलं असतं. तुम्ही मले खोटं लिहू नको म्हणता आन स्वतः एवढ्या सुंदर अक्षरात "धडधाकट" लिहिता.

दुकानात काय झालं ते कळवा. जे झालं ते.

अश्वजित


सुलतानपूर
९ एप्रिल २०२५

अश्वजित,

झालं ते लिहितो.

मी दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाईक होतं. आसिमचा रोजा होता. मी काउंटरवर हात आपटून विचारलं, काच कुठं आहे? मले वाटते मी हळू बोललो, पण रस्त्यावरची माणसं थांबली म्हणजे हळू नसीन. तो म्हणाला, "कोणती काच, चाचा?" मी म्हटलं, ज्याच्या बापानं शब्द दिला त्याच्या पोरानं चोरी करावी, हे वहाबनं पाह्यलं नाही ते बरं झालं. तो पांढरा पडला. पाण्याचा ग्लास माझ्यासाठी मागवला आन मी तो न पिता निघून आलो.

घरी आलो तर मंजू ओसरीवर उभी. तिनं तेव्हा सांगितलं. मले त्या रात्री जेवण गेलं नाही.

ईद झाल्यावर पुन्हा गेलो. त्याच वेळेले, त्याच काउंटरपुढं, मुद्दाम गिऱ्हाईक असताना. म्हटलं, आसिम, काच कोणी चोरली नाही. माझ्या हातानं फुटली, मी लपवली, पोरीनं नमुन्याले पाठवली. मी तुले चोर म्हटलं ते इथंच, याच लोकांपुढं परत घेतो. या वेळीही बहुतेक मोठ्यानंच बोललो, कारण समोरचा सायकलवाला टाळ्या वाजवायले लागला.

आसिम म्हणाला, "चाचा, तुम्ही परत घेतलं, मी माफ केलं. पण गाडीचा शब्द संपला. अब्बांनी दोस्ताले दिला होता. तुम्ही त्यांच्या पोराले चोर म्हटलं, मंग दोस्ती कुठं राह्यली? बरसी झाली की गाडी पुण्याले जाईन. कागदं माझ्या नावावर आहेत." खोटं नाही बोलला. कागदं आहेत.

वहिनी पडद्याआडून सगळं ऐकत होत्या.

आता तू म्हणशील की मंग काच कशाले बनवायची. बनवायची. कोणाचीही होऊ दे, माझ्या शेडातून ती फुटक्या तोंडानं जाणार नाही. मी बसवीन आन बरसीले त्याच्या दारात उभी करीन. मंग त्यानं ती विकावी की विहिरीत ढकलावी. काच झाली की पाठव.

आन तू ये. आत बसून दोरी तूच ओढ. बाहेरून मी दाबतो. तुझ्या पद्धतीनं.

इंद्रभान


कोइम्बतूर
१४ एप्रिल २०२५

बाबा, जयंतीचा जय भीम. इथं आम्ही तिघं-चौघंच आहोत, एका बिहारच्या पोरासोबत वर्कशॉपच्या मागं मेणबत्ती लावली. अण्णानं विचारलं काय आहे. सांगितलं. त्यानंही एक लावली.

काच झाली. काल ट्रान्सपोर्टले दिली, लाकडी चौकटीत बांधून. घोंगडी मी ठेवून घेतली, इथं पंखा लय जोरात आहे.

मी येत नाही.

सुट्टी मिळत नाही म्हणून नाही. मी येऊन बसवली तर उकंडराव म्हणीन, इंद्रभानले जमलं नाही, पोराले बोलवावं लागलं. आन आसिमभाई म्हणीन, पाह्यलं, चाचाले येतच नव्हतं. तुम्ही तुमच्या हातानं फोडली, तुमच्याच हातानं बसवा. दोरी मंजू ओढीन. तिचे हात माझ्यापेक्षा बरे आहेत, फक्त तिले सांगा की दोरी गोळ्यासारखी फेकायची नसते. काचेच्या बाजूले नाही, सरळ स्वतःच्या छातीकडे ओढायची, हळू, एक वीत, थांबायचं, एक वीत.

एकच अडचण आहे. आतला सांगते "इथं दाबा, इथं थांबा", बाहेरचा ऐकते. तुम्हाले काचेपलीकडून काय ऐकू येणार? मी लय विचार केला. मंग काल अण्णा दाबत असताना मी आतून काचेवर बोटानं टिकटिक केलं. तो ओरडला, काऊन वाजवून राह्यला? त्याले ऐकू आलं नव्हतं, बाबा, मशीन चालू होती. त्याच्या तळहाताले लागलं होतं. म्हणून मंजूले सांगा: ओठ अडला की तिथं एकदा वाजव, म्हणजे तिथं दाबायचं. दोनदा वाजवलं की थांबायचं.

तेल लावू नका. ग्रीस लावू नका. रबर तेलानं फुगते आन उन्हाळ्यात बाहेर येते. साबणाचंच पाणी. लुगडी धुतल्यासारखं वाटलं तरी.

अश्वजित


सुलतानपूर
२९ एप्रिल २०२५

चि. अश्वजित, जय भीम.

बुधवारी बसवली. सकाळी, ऊन चढायच्या आधी. रबर दिवसभर नाही, पण सकाळी घटकाभर कोवळ्या उन्हात ठेवलं होतं, मऊ झालं होतं. माय म्हणाली, पंचशील घेऊन सुरू करा, म्हणून घेतलं. उकंडराव स्टूल घेऊन शेडाच्या तोंडाशी बसला होता, सर्कस पाहायले.

मंजू आत बसली. मी बाहेर, दोन्ही तळवे काचेवर. तिनं दोरी ओढायले सुरुवात केली. खालचा भाग गेला. कोपऱ्यावर गेल्यावर तळहाताखाली टिक झालं. मी तिथं दाबलं. ओठ आत पडला तो मले दिसला नाही, पण काच माझ्याकडून तिकडं सरकली, केसभर. मंग पुढं. टिक. दाब. टिकटिक. थांब. तिनं आत बोटानं ओठ सरळ केला, पुन्हा टिक. मले रिटायर झाल्यापासून कोणाचं एवढं स्पष्ट ऐकू आलं नव्हतं. वरच्या डाव्या कोपऱ्याशी आलो तेव्हा मी तळवे एकेक करून सदऱ्याले पुसले. तिनं आतून माझ्याकडे पाह्यलं आन एकदाच वाजवलं. दाबलं. गेला.

दोरी तिच्या मांडीवर पडली. उकंडराव उठून उभा राह्यला. म्हणे, "आता वायपर बसवा." म्हटलं, तू बसव.

मंग मंजूनं पाइपानं पाणी सोडलं. आत बसून मी साऱ्या कडेवर बोट फिरवलं. कोरडी.

रविवारी बरसी. मी आन मंजू सकाळी निघालो. बीबीच्या फाट्यावर पोरं मोटारसायकलनं सोबत आली, दुसरबीडपर्यंत. सिंदखेडराजाच्या उतारावर मंजू म्हणाली, "बाबा, हळू." मले ऐकू आलं नाही. खरंच आलं नाही.

देऊळगावात, बालाजीच्या मंदिराच्या पुढं, त्यांच्या गल्लीत गाडी लावली. दुआ झाली होती, माणसं जेवून निघत होती. आसिम बाहेर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. काचेवर हात फिरवला. म्हणाला, "चाचा, काम झकास आहे. पण मी बोललो ते बोललो. पुण्याचा माणूस उद्या येते."

मी म्हटलं, ठीक. चावी दिली. त्यानं घेतली.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. बुरखा घातलेला, हातात पानाचा डबा. मंजूले म्हणाल्या, "बेटी, जरा बाहेर ये." मंजू उतरली. वहिनी तिच्या जागेवर बसल्या आन आतून दार लावून घेतलं.

आसिम म्हणाला, "अम्मी, कुठं निघाली?"

"कहीं नहीं. बैठी हूँ."

"उतर ना. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. तुझ्या अब्बाले बी लोक असेच पाहायचे. शब्द मेरे मियाँ का है, आसिम. त्यांनी तो इंद्रभानभाऊले दिला, तुझ्या दुकानात विकायले नाही ठेवला. इन्होंने तुले चोर म्हटलं, ते चुकलं. मंग त्याच दुकानात येऊन स्वतःले खोटं म्हटलं. तू कोणत्या बाजारात स्वतःले खोटं म्हटलं आजवर? ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी मले सांग. तवर मी इथं आहे. सही झाली की उतरते."

ऊन किती होतं माहीत आहे का? काचेतून आत भट्टी. आसिमनं पंखा आणला, वायर पुरली नाही. त्यांच्या सुनेनं, यास्मीननं, आत सरबत दिलं. गल्लीतले बायाबापडे ओळीनं येऊन खिडकीतून सलाम करून जायले लागले, जसा काही तिथं दर्गा आहे. एक म्हातारा तर मलेच विचारते, "तिकीट है क्या?" आसिम दारात खुर्ची टाकून बसला. तोही हट्टी, बापावर गेला. पण आई आत घामानं भिजलेली आन पोरगा सावलीत, हे त्याले सोसलं नाही. उठला, आत गेला, आरटीओचा फॉर्म घेऊन आला. गाडीच्या नाकावर ठेवून सही केली. चावी माझ्या हातात दिली आन हळूच काही बोलला. मले ऐकू आलं नाही. मंजूनं नंतर सांगितलं, "चाचा, मले बी ती गाडी लय आवडते."

म्हटलं, मंग दर ईदले येऊन चालव. मान हलवली त्यानं.

मी वहिनीले म्हटलं, झाली सही. उतरा. त्या म्हणाल्या, "काऊन उतरू? इतका वेळ बसली ते काय फुकट? चला, मेहकरले न्या. माहेरी सगळ्यांनी पाहायले पाहिजे."

नेलं. मंजू एसटीनं आली. ती माझ्याशी अजून बोलत नाही.

गाडी आता माझी आहे. फॉर्मवर माझं नाव आहे. तू कधी आलास तर बाजूच्या सीटवर बसशील. स्टेअरिंगले हात लावायचा नाही, हे आधीच कळवतो.

इंद्रभान


कोइम्बतूर
६ मे २०२५

बाबा, जय भीम.

तुमचं पत्र वर्कशॉपात उभं राहून मोठ्यानं वाचलं. इथं कोणाले मराठी येत नाही. तरी टिकटिक आली तिथं सगळ्यांनी हातातले पाने खाली ठेवले, आन अजीजचाचीचं आलं तिथं अण्णानं विचारलं, "यार अंद अम्मा?" म्हणजे ती बाई कोण. म्हटलं, माझी चाची. तो म्हणाला, तिले माझ्या हिशेबावर बसव, सगळी उधारी वसूल होईन.

मी त्याले सांगितलं की बुद्धपौर्णिमेले मी घरी जाणार. तो म्हणाला, सुट्टी नाही. मी म्हटलं, अण्णा, विचारलं नाही, सांगितलं. परत येईन. भिंगरी असली तरी या वेळी परत येईन, कारण आल्यावर दाबायचं काम मले पाहिजे. आत बसून दोरी ओढायले आता दुसरा पाहा. त्यानं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तर जालन्याले गाडीनं उतरतो. स्टेशनच्या बाहेर बेडकी घेऊन उभे राहा. मंजूले एसटीचे पैसे मी देतो म्हणावं आन तिचा राग काढा, ती नसती तर तुम्ही अजून घोंगडीले पहारा देत बसले असते.

आन स्टेअरिंगचं. जालना ते सुलतानपूर मी चालवणार. गाडी तुमची, फॉर्मवर नाव तुमचं, सगळं कबूल. तुम्ही नाही म्हणणार, स्टेशनवर भांडण होईन, रिक्षावाले गोळा होतील. होऊ द्या. मी दार उघडीन, स्टेअरिंगच्या मागं बसीन आन आतून दार लावून घेईन.

मंग काय करायचं असते ते अजीजचाचीले विचारा.

अश्वजित